धवलारीण निघाली फुकेटला

कोन गावात लग्न ठरलं की लोक हॉलवाल्याच्या आधी वेणूआत्याला फोन करत. हॉल काय, पनवेलच्या रस्त्याला पावलोपावली झालेले. धवलारीण मात्र एकच. आगऱ्यांच्या लग्नात हळद दळण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत जे जे होतं ते धवले गाऊन व्हायचं असतं, आणि ते धवले जिला येतात ती धवलारीण. पूर्वी तर भटजी नसायचेच. धवलारणीनं धवला म्हटला, अक्षता पडल्या, लग्न लागलं. पुढे भटजी आले, बँड आला, डीजे आला, मांडवावर घोंघावणारा ड्रोनसुद्धा आला. तरी वेणूआत्या येऊन पाटावर बसल्याशिवाय हळदीला बोट लावायची कुणाची छाती नव्हती.

बसली की दिसायचीही तशीच. उंच, रुंद खांद्यांची, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, आणि आवाज असा की मांडवाबाहेर जेवत असलेल्या माणसाचा घास हातात थांबावा. शाळेच्या दाखल्यावर मात्र तिचं नाव बुधाजी बळीराम घरत असं होतं. बुधवारी जन्मली, मुलगा म्हणून लिहिली गेली, म्हणून बुधाजी.

मुलगा आपण नाही हे तिला पाटी-पेन्सिल धरायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिची आत्या जनी ही त्या काळची धवलारीण. पोर दिवसभर तिच्या पदराला धरून फिरायचं आणि रात्री झोपेत धवले बडबडायचं. बळीराम मिठागरावर राबणारा माणूस, तापट. त्यानं मारून पाहिलं, दामटून पाहिलं, शेवटी बोलणंच टाकलं. मग एका लग्नात, ऐन हळदीला, जनीचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा. तेव्हा तिच्या पाठीमागून आवाज उठला आणि धवला न तुटता पुढे गेला. बायका डोळे मिटून ऐकत राहिल्या. डोळे उघडून पाहिलं तर बळीरामचा मोठा झालेला बुधाजी, डोक्यावर आत्याचा पदर घेऊन. कुजबुज सुरू झाली तेव्हा जनीनं उरल्यासुरल्या आवाजात निवाडा केला.

"धवला कोन गातं? बाय गाते. ही गायली नं? मंग बायच हाय."

वेणू हे नावही जनीनंच दिलं. गावानं हसत, कुरकुरत, सवयीनं ते घेतलं. बळीरामनं शेवटपर्यंत घेतलं नाही. हाक मारायची झाली तर तो नुसतं "ए" म्हणायचा.

कागदांचं काय, कागद कपाटात पडून असायचे. रेशनकार्डावर बुधाजी, पुरुष. मतदार कार्डावर बुधाजी, पुरुष, आणि शेजारच्या फोटोत रुपयाएवढं कुंकू लावलेली वेणू. दर निवडणुकीला बूथवरचा परगावचा मास्तर एकदा फोटो बघे, एकदा तिला बघे, एकदा नाव बघे, आणि मागे रांगेतल्या बायका ओरडत, "अहो, ती आमची धवलारीन हाय, जाऊ द्या तिला, घरी भात लागंल." २०१२ साली शाळेत आधारचा कॅम्प लागला तेव्हा संगणकावर बसलेल्या मुलीनं सांगितलं की पुरुष, स्त्री यांखेरीज तिसरा एक चौकोन आहे. सरपंचांनी ओळखीचं पत्र दिलं, आणि वेणूच्या आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी कागदावर वेणू हे नाव आलं. पुढे ट्रान्सजेंडर असं छापून आलं. हा शब्द काय आहे ते तिनं कुणाला विचारलं नाही. नाव चार वेळा वाचलं आणि कार्ड लुगड्यांच्या घडीत ठेवून दिलं.

ते बाहेर काढायची वेळ आली २०१५ च्या उन्हाळ्यात. कमळाकर पाटील तिच्या ओट्यावर येऊन बसला. हा तिच्याच वर्गातला, आता मोठा बिल्डर. हायवेनं जमीन खाल्ली आणि कमळाकरनं नशीब काढलं. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. पण वेणूला काय नावानं हाक मारावी हा प्रश्न त्याला चाळिशी उलटली तरी सुटला नव्हता, त्यामुळे तो तिला सरळ "धवलारीन" म्हणायचा.

"धवलारीन, केतनचं लगीन ठरलं. डिसेंबरला. फुकेटला."

"फुकट?" वेणू म्हणाली. "एवढा पैसा तुज्याकडं, नि पोराचं लगीन फुकट?"

"फुकट नाय, फुकेट. थायलंडला. समुद्राच्या काठावर."

"समुद्र आपल्या करंज्याला बी हाय."

"करंज्याला मच्छीचा वास येतो, बोलतात पोरं."

"मंग समुद्राला कसला वास येनार?"

कमळाकरला ते पटलं असावं, पण आगाऊ रक्कम भरून झाली होती. खरी गोष्ट त्यानं मग सांगितली. केतनचं म्हणणं, वेणूआत्याचे धवले मोबाइलवर रेकॉर्ड करून नेऊ आणि तिथे स्पीकरवर लावू. त्यावर केतनची आई आशालता म्हणाली होती, "हळद काय स्पीकरला लावायची?" आणि पुढे हेही म्हणाली होती की वेणू येत असेल तर मी येते, नाहीतर तुम्ही बापलेक जाऊन लग्न लावून या.

"म्हंजे मना इमानात बसायचं?" वेणूनं विचारलं.

"पासपोर्ट हाय का तुज्याकडं?"

पासपोर्ट कुठला असायला. पण कमळाकर उठून गेल्यावर वेणू ओट्यावर बसून एकटीच हसायला लागली, आणि ते हसू काही केल्या थांबेना. शेजारची शकू सुकटीची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती, ती थबकली. शकू विधवा, जिभेची तिखट, करंज्याहून सुकी मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकायची.

"काय गं, येड लागला का?"

"शके, मी इमानात बसनार."

शकूनं टोपली खाली ठेवली, आणि काही न विचारता तीही हसायला लागली.

पनवेलच्या कोर्टाजवळ मनस्वी ठाकूर नावाच्या तरुण वकिलीणबाईचं ऑफिस होतं. कमळाकरनंच तिचं नाव सुचवलं. वेणू आपले सगळे कागद पिशवीत घालून गेली. मनस्वीनं ते टेबलावर मांडले आणि एकेक वाचून काढला.

"आत्या, तुम्ही दोन माणसं आहात."

"दोन नाय, एकच. कागदवाल्यांना दोन दिसतात."

मनस्वी हसली आणि कामाला लागली. कोर्टात प्रतिज्ञापत्र करायचं, दोन वर्तमानपत्रांत नाव बदलल्याची जाहिरात द्यायची, सरकारी राजपत्रात ते छापून आणायचं, मग पासपोर्टचा अर्ज. वेणू प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होती. मग मनस्वीनं अर्जाचा नमुना पुढे ओढला.

"आता जेंडरचं. अर्जात मेल, फीमेल आणि ट्रान्सजेंडर असे तीन ऑप्शन्स आहेत."

"बाय लिही."

"लिहिते. तुमचा हक्कच आहे तो. गेल्या वर्षी सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, माणूस स्वतःला जे मानतो तेच खरं, ऑपरेशनची अट नाही. पण कोर्टानं सांगितलं म्हणून खिडकीवरच्या माणसानं ऐकलं असं होत नाही. फीमेल लिहिलं तर ते डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतील. नाही म्हटलं तर भांडावं लागेल, आणि भांडण डिसेंबरपर्यंत संपेल याची गॅरंटी मी देत नाही. ट्रान्सजेंडर लिहिलं तर पासपोर्टवर नुसता टी येईल, पण ते आधारशी जुळतं, प्रतिज्ञापत्रावर काम होतं."

"माज्या अंगाला कोनी सुरी लावायची नाय," वेणू म्हणाली. "देवानं दिलाय तसाच अंग परत नेनार मी."

"मग ठरवा तुम्ही. घाई नाही. उद्या सांगा."

वेणू तिथून निघाली ती वडाळे तलावावर जाऊन बसली. बाजार उरकून शकू तिथे आली, दोघींनी भेळ घेतली. सकाळपासूनचं हसू आता कुठे गेलं होतं कोण जाणे. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता पहिल्यांदा कुणीतरी व्यवस्थित विचारलं, तुम्ही कोण, आणि खरं उत्तर द्यायची सोय नव्हती.

"टी लिवनार म्हनते," ती म्हणाली. "पासपोर्टावर नुसता टी. जनीआत्यानं एका वाक्यात बाय केली मना, नि या लोकांना डाक्टरचा कागद पायजे."

शकूनं भेळेतली कैरी वेचून खाल्ली. तिची विचार करायची तीच पद्धत होती.

"इंग्रजीतला टी म्हंजे आपला ट," ती म्हणाली.

"हां."

"मंग ट टिकलीचा."

वेणूनं तिच्याकडे पाहिलं.

"टी घे, इमानात बस, फुकटला जाऊन ये. आल्यावर भांड. तू काय पलून जातंस, का ते पलून जातात? भांडायला दोघं बी हितंच हाव."

"फुकट नाय गं, फुकेट."

"तेच ते," शकू म्हणाली, आणि भेळेचा कागद चुरगाळून उठली.

दुसऱ्या दिवशी वेणूनं टीवर अंगठा नव्हे, चांगली सही केली. सहीत वेणूचा णू मोठा झाला आणि चौकटीबाहेर गेला. मनस्वीनं तो तसाच चालवून घेतला.

नावाची जाहिरात वर्तमानपत्रात आली त्या दिवशी कोनमधल्या स्टॉलवरचे सगळे अंक आठ वाजायच्या आत संपले. जाहिरात बोटाच्या पेराएवढी, आणि तीही एका बाजूला हरवलेल्या गुणपत्रिकेची नि दुसऱ्या बाजूला बोअरवेलची अशा दोन जाहिरातींच्या मध्ये. पण बायकांनी ती कापून देवघरात ठेवली, कुणी फ्रिजवर चिकटवली. राजपत्र आलं तेव्हा तर आशालतानं पेढे वाटले. कशाचे पेढे म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणे, "बारशाचे."

पासपोर्ट ऑफिसला जायच्या दिवशी वेणू अशी नटली की रिक्षावाल्यानं विचारलं, लग्न कुठे आहे. आत एका खुर्चीवर बसवून तिचा फोटो काढायचा होता. कॅमेऱ्यामागच्या तरुणानं सांगितलं, "मावशी, हसू नका, दात दिसले की सिस्टीम घेत नाही." एवढं म्हटलं आणि घात झाला. वेणूला हसू आवरेना. ओठ मिटले की खांदे हलत, खांदे धरले की डोळ्यांतून पाणी येई. तरुण म्हणाला, "काहीतरी दुःखाचं आठवा." तिनं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. आयुष्यात दुःख कमी नव्हतं, पण त्या दिवशी एकही हाताला लागेना. शेवटी रांगेतली माणसं उठून बघायला आली, तीही हसायला लागली, आणि तरुणानं कसाबसा एक फोटो पकडला. त्यात वेणूचे दोन्ही गाल फुगलेले आहेत, जणू तोंडात लाडू आहे.

शेवटच्या खिडकीवर एक प्रौढ अधिकारी बाई होत्या. त्यांनी बुधाजीचा दाखला पाहिला, राजपत्र पाहिलं, आधार पाहिलं, मग चष्म्यावरून वेणूकडे पाहिलं.

"नाव?"

"वेणू बळीराम घरत."

"जेंडर ट्रान्सजेंडर लिहिलंय. बरोबर?"

"लिवलाय ते बरोबर," वेणू म्हणाली. "पन तुमी इचारलंत म्हनून सांगते, मी बाय हाय."

"ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

राहिली पोलीस चौकशी. ठाण्यातून एक पोक्त हवालदार मोटारसायकलवरून कोनला आले. वेणूच्या ओट्यावर त्यांनी चहा घेतला, कागद मांडीवर धरला आणि लिहू लागले. अर्ध्या ओळीवर पेन थांबलं. साक्षीदार म्हणून शकू समोर बसली होती.

"काय झालं, सायेब?"

"व्याकरण," हवालदार म्हणाले. "सदर इसम या पत्त्यावर राहतो, असं लिहायची आमची पद्धत. अर्जावर आहे टी. आता हा लिहू की ही लिहू?"

"राहतो लिवलंत तर मी साक्ष देनार नाय," शकू म्हणाली. "हितं कोनी राहतो नाय. हितं राहते."

"ही राहते, असं लिहिलं तर साहेब म्हणतील, ही कुठून आली? टीला मग ते लिहायला हवं. नपुंसकलिंगी." त्यांनी ओठ हलवून मनाशी वाक्य चालवून पाहिलं. "ते राहते." पुन्हा चालवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "अहो, ती राहते आणि ते राहते. क्रियापद एकच होतंय."

त्यांनी हा, ही, हे सगळं गाळून टाकलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, अर्जदार सदर पत्त्यावर जन्मापासून राहते. वेणूनं ते वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर तिनं हवालदारांना आणखी एक चहा आणि चार घावणे खायला घातले. जाताना ते म्हणाले की नोकरीत एवढा अवघड रिपोर्ट दुसरा लिहिला नव्हता, आणि एवढा समाधानाचाही नाही.

पासपोर्ट आला. पोस्टमननं तो हातात दिला तेव्हा आळीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. निळं पुस्तक हातोहात फिरून परत आलं तेव्हा त्याला हळदीचा वास येत होता.

डिसेंबरात कमळाकरची वरात विमानतळावर उतरली. वरातच ती. कोनच्या बायका लुगड्यांत, नाकात नथी, अंगावर असेल नसेल तेवढं सोनं. तिकिटांच्या काउंटरवर सगळे भराभर पुढे सरकले, आणि एका ठिकाणी रांग अडली. अडले होते ते पनवेलचे गुरुजी. हसतमुख, गोल चेहऱ्याचे, निम्म्या तालुक्याची लग्नं लावलेले. त्यांच्या पासपोर्टची मुदत चारच महिने उरली होती आणि थायलंडला सहा महिने लागतात. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. कमळाकरनं दोन्ही फोन लावले. काही उपयोग झाला नाही.

गुरुजींनी मात्र पटकन मनाची तयारी केली. ते पिशवी घेऊन वेणूकडे आले.

"वेणूबाई, तुमचा पासपोर्ट किती वर्षांचा?"

"दहा," वेणू म्हणाली. "कोरा करकरीत."

"मग घ्या." पिशवीत अंतरपाट होता, अक्षता होत्या, मुहूर्ताचा कागद होता. "माझ्या आधी तुम्हीच लावत होता लग्नं. मी व्हिडिओ कॉलवर असेनच." आणि ते रिक्षा शोधायला निघून गेले.

वेणू ती पिशवी छातीशी धरून पुढे गेली. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्यानं टी पाहिला, तिला पाहिलं आणि विचारलं, "किस काम से जा रहे हो?" ती म्हणाली, "लगीन लावायला." त्यानं विचारलं, "किसका, आपका?" ती म्हणाली, "माजं लावायला कोन येनार, मीच लावते सगल्यांचं." त्याला निम्मं कळलं असेल, पण तो हसला.

पुढे तपासणी. एका बाजूला पुरुषांची रांग, दुसऱ्या बाजूला पडदा लावलेली बायकांची. वेणू मध्ये उभी राहिली. आयुष्यात अशा दोन दारांच्या मध्ये ती पुष्कळदा उभी राहिली होती. पण आजच्या दिवसाचा काही वेगळाच तोरा होता. पडद्यासमोर कोनच्या बायकांच्या सोन्यानं यंत्र एकसारखं किंचाळत होतं, आणि त्या गोंधळातून आशालताचा हात आला नि त्यानं वेणूला दंडाला धरून आत ओढलं. "कुटं थांबलीस गं? आमची हाय ही." पडद्यामागच्या पोलीस बाईनं यंत्र फिरवलं, ते वेणूच्या पाटल्यांपाशी किंचाळलं, आणि ती थकून म्हणाली, "माँजी, आप सब लोग बँक साथ लेके चलते हो क्या?" त्यावर सगळ्याजणी अशा हसल्या की पलीकडचे पुरुष घाबरून बघायला लागले.

विमान वर चढताना वेणूनं आशालताचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून एक धवला सुरू केला. हवाई सुंदरी धावत आली, काय झालं म्हणून. केतनची बहीण कोमल तिला म्हणाली, "शी इज फाइन. शी इज हॅपी." खिडकीतून खाली खाडी दिसली, मिठागरांचे चौकोन दिसले. वेणूचा धवला तिथे जरा डळमळला, मग पुन्हा नीट चालू झाला. पुढे विमानात एक कार्ड भरायचं होतं. त्यावर स्त्री आणि पुरुष असे दोनच चौकोन. कोमलनं पेन उचललं, वेणूकडे बघितलं, आणि न विचारता स्त्रीवर खूण केली. फुकेटला काचेमागच्या मुलीनं पासपोर्टवरचा टी बघितला, कार्डावरची खूण बघितली, दोन्ही हात जोडून मान लववली आणि शिक्का मारला.

हळदीला उंबराची फांदी लागते. रिसॉर्टवाल्यांनी गुलाब, ऑर्किड, मोगरा असं सगळं मागवलं होतं, उंबर कुणाला माहीत नव्हता. वेणू लुगडं खोचून बागेच्या मागच्या बाजूला शिरली आणि माळ्याला घेऊन परत आली. माळ्याच्या खांद्यावर फांदी होती, फळांनी लगडलेली. वेणूनं एक फळ फोडून कमळाकरला दाखवलं. "उंबरच हाय. हितं राहायला आलाय, एवढाच."

खरी अडचण दुसऱ्या दिवशी, मुहूर्ताच्या आधी उभी राहिली. गुरुजींचा व्हिडिओ कॉल लागला खरा, पण त्यांचा चेहरा पहिल्याच मंत्रावर तोंड उघडं ठेवून गोठला, आणि पुन्हा लावला तरी तसाच गोठला. तेव्हा नवरीचे वडील शैलेश कमळाकरला बाजूला घेऊन गेले. हे तळोज्याचे, केमिकल फॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"हळदीला गाणं वेगळं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पण लग्नच हिनं लावायचं? लोक काय म्हणतील? आणि तुम्ही समजून घ्या, ती काय म्हणजे..."

आवाज दबका होता, पण वेणूच्या कानातून दबकंही काही सुटत नसे. तिनं अंतरपाटाची घडी हातात घट्ट धरली आणि समुद्राकडे बघत राहिली.

उत्तर आलं ते शैलेशच्या बायकोकडून. सुमती बाजूलाच मुंडावळ्या नीट करत बसली होती. तिनं मानही वर केली नाही. "आपलं लगीन कोनी लावलं?"

"गुरुजींनी."

"गुरुजी येईपरत लगीन लागून गेलेलं. ते जेवून गेले. लगीन लावलं जनी धवलारनीनं. या वेणूच्या आतेनं. तीस वर्सं झाली, अजून तर टिकलंय."

नवरी समृद्धी मेंदीचे हात वर धरून उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, मला वेणूआत्याच पाहिजे." शैलेशनी एकदा बायकोकडे, एकदा मुलीकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. ते मान्य केल्यासारखंच होतं.

कमळाकर चालत डीजेकडे गेला आणि माइक हातात घेतला. त्यानं घसा साफ केला. वाळूवर खुर्च्या मांडून बसलेली माणसं गप्प झाली.

"मंडली, मुहूर्त झालाय. गुरुजी पनवेललाच राहिले. पन आपलं लगीन अडत नाय." तो थांबला. शाळेच्या दिवसांपासून न सुटलेला प्रश्न त्याच्यासमोर उभा होता. "लगीन लावनार आमच्या कोनची धवलारीन. बळीरामकाकांची लेक. वेणू बळीराम घरत."

बापाच्या नावापुढे लेक हा शब्द वेणूनं कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. डोळे भरून आले, पण रडायला सवड कुठली, केतन नि समृद्धी अंतरपाटाच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले होते. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आवाज लावला.

धवल्यात आधी देवांना बोलावतात. तिनं कोनच्या गावदेवीला बोलावलं, पनवेलच्या तळ्यांना बोलावलं, खाडीला, मिठागरांना, तळोज्याच्या डोंगराला बोलावलं. मग तिथल्या तिथे रचून फुकेटच्या समुद्रालाही बोलावलं, की बाबा, तू नवऱ्याकडचा का नवरीकडचा ते आम्हाला ठाऊक नाही, पण आलास तर जेवून जा. कोनच्या बायका हसत हसत मागून ओळी ओढू लागल्या. रिसॉर्टची माणसं ताटं तशीच हातात धरून उभी राहिली. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, समुद्रावरून वारा आला आणि निम्म्या अक्षता शैलेशच्या डोक्यावर गेल्या. ते त्या झाडत नव्हते. रुमाल आता डोळ्यांना लागला होता.

मग जे नाचणं झालं त्याचं वर्णन कोनमध्ये अजून होतं. डीजेनं आगरी ठेका लावला, बायकांनी लुगडी खोचली, कमळाकर दोन्ही फोन खुर्चीवर टाकून वाळूत लोळायचा बाकी राहिला. हळदीला फांदी देणारा माळीही नाचला. वेणूला चौघींनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तिचं वजन झेपलं नाही, आणि सगळ्या मिळून पाण्यात पडल्या. उठली तेव्हा अंबाडा सुटला होता, लुगडं चिंब होतं, आणि ती एवढ्या मोठ्यानं हसत होती की सुमतीला वाटलं, काहीतरी लागलं हिला.

परत आल्यावर मनस्वीनं भांडण सुरू केलं. मतदार कार्डाचं काम तुलनेनं सोपं गेलं. २०१८ च्या यादीत वेणू बळीराम घरत, स्त्री, असं छापून आलं. रेशनकार्डही मागोमाग झालं. पासपोर्टवर अजून टीच आहे. त्यासाठी दिलेल्या अर्जाला उत्तर येतं, त्या उत्तराला मनस्वी उत्तर देते, आणि तिच्या ऑफिसात त्याची जाडजूड फाइल झालीय. वेणू अधूनमधून जाऊन विचारते, कुठवर आलं. मनस्वी म्हणते, चाललंय. तिचा आवाज मात्र कधी थकलेला नसतो.

मध्यंतरी उरणच्या एका घरानं बालीला लग्न ठरवलं आणि धवलारणीला फोन केला. वेणू तेव्हा शकूच्या ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. तिनं तारीख विचारली, नवरीचं नाव विचारलं, आणि फोनवर हात ठेवून शकूला म्हणाली, "शके, बाली कुटं आली?"

"मना काय ठाव," शकू म्हणाली. "समुद्र हाय का बघ. नि मना घेऊन जातंस का ते आदी बोल."